मास्टरसाबांचं लॅटिन

मास्टरसाब बसलेले आहेत असं चित्र मला डोळ्यांपुढे आणताच येत नाही. जेवायला बसत असतील, परीक्षेच्या वेळी शाळेत खुर्चीत बसत असतील, पण मी ते पाहिलं नाही. मी पाहिले ते चालताना. हैदराबादेत, गौलीगुड्यातल्या दोन खोल्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि खोली पुरेनाशी झाली की रस्त्यावर. काखेत एक जाडजूड पुस्तक, काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं. अंगात शेरवानी. तिचं वरचं बटण नेहमी दोऱ्यावर लोंबकळत असायचं, कारण बोलता बोलता ते तेच बटण पिळत राहत. काकू शिवून देत, आठवड्याभरात ते पुन्हा लोंबायचं.

त्यांच्याकडे मी शिकायला गेलो तेव्हा मी चांगला तिशी ओलांडलेला वकील होतो. वकील म्हणजे उर्दूतला. माझे वडील आणि आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, घरात मराठी, दारात तेलुगू, आणि कागदावर उर्दू. कायदा मी उर्दूत शिकलो, उर्दूत मोकद्दमे चालवले, आणि बोलायला उभा राहिलो की मागच्या बाकावरचे लोक ऐकायला पुढे येत, इतपत नाव होतं. मग अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. पुढच्या दोन-चार वर्षांत दफ्तरं पालटली, टोप्या पालटल्या आणि कोर्टाची भाषा इंग्रजी झाली. इंग्रजी मी वाचू शकत होतो. पण उभं राहून बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची.

एका पेशीला बाहेरून आलेल्या नव्या जजसाहेबांनी मला विचारलं, "वकीलसाहेब, या प्रकरणात तुमच्या अशिलाचं लोकस स्टँडाय काय?" त्यांनी विचारला होता दाद मागायचा हक्क, पण मला त्यातलं एवढंच कळलं की उभं राहण्याबद्दल काहीतरी विचारताहेत. मी अशिलाला हाताला धरून दोन पावलं डावीकडे सरकवलं. कोर्ट हसलं. जजसाहेब हसले नाहीत, त्यांनी नुसती मान खाली घातली, आणि ते मला जास्त लागलं. त्या दिवशी मी टांग्यात न बसता घरी चालत गेलो. वाटेत आमचे बुजुर्ग काझीसाहेब भेटले. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. फौजदारी वकिलीत त्यांचा दबदबा होता, आणि इंग्रजीपुढे तेही माझ्यासारखेच मुके झाले होते.

"दिल छोटा नक्को करो," ते म्हणाले. "गौलीगुड्यात एक मास्टर है. पागल है, मगर पढाता खूब. मैं भी जा रा हूँ."

ते हे मास्टरसाब. पूर्वी एका मिशन शाळेत लॅटिन शिकवायचे. लॅटिन शिकणारी मुलं संपली, तो वर्ग बंद झाला, आणि ते सरकारी हायस्कुलात इंग्रजीला आले. मिशन शाळेच्या पाद्र्यांनी निरोप देताना त्यांना ते पुस्तक दिलं होतं: लॅटिन शब्दांचे इंग्रजीत अर्थ सांगणारा तीनेकशे वर्षांपूर्वीचा कोश. पहिली पानं गळालेली, त्यामुळे कुणी केला, कुठं छापला, काहीच कळायला मार्ग नव्हता. त्याचा मास्टरसाबांना आनंदच होता. "नाव नाही म्हणून बरं," ते म्हणत. "नाव असतं तर आपण त्याला घाबरलो असतो."

पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की मला कोर्टापुरतं इंग्रजी शिकवा, आठ-पंधरा दिवसांत काम भागेल असं. त्यांनी बटण पिळलं आणि कोश उघडला.

"हे बघा वकीलसाहेब. हा ज्यानं लिहिलाय ना, तो तुमच्याचसारखा अडकलेला माणूस आहे. त्याच्यापुढे लॅटिन शब्द आहे. मोठा, रुबाबदार, दरबारी. आणि त्याच्या हातात इंग्रजी काय? बाजारातली, गोठ्यातली, स्वयंपाकघरातली. आज तुम्हाला जी साहेबाची भाषा वाटते ना, ती तेव्हा अशी गरीब होती. त्या काळातले शिकलेले लोक तिच्यात लिहायला लाजायचे. मग हा बिचारा काय करतो? एका शब्दाला एक शब्द सापडत नाही, म्हणून चार शब्द देतो. ओझं, भार, जबाबदारी, त्रास. चाचपडतोय, दिसतंय का? तुम्ही पण चाचपडा. लाजू नका."

त्यांची पद्धत अशी. ते लॅटिन शब्द सांगणार, कोशातला जुना इंग्रजी अर्थ वाचणार, आणि मग आम्ही तो आपापल्या भाषेत सांगायचा, पण आईला सांगतो तसा. काझीसाहेब दखनीत, मी मराठीत, बाकीचे तीन-चार वकील तेलुगूत. अर्थ घरच्या भाषेत नीट बसला की मगच तो इंग्रजीत बोलायचा. 'एलिबाय' हा शब्द आम्ही रोज वापरत होतो, पण तो नुसता 'दुसरीकडं' एवढाच आहे हे त्या खोलीत कळलं. काझीसाहेब खूष झाले. "इतनीच बात? मेरा मोवक्किल दुसरी जगा था. बस?" 'बस' म्हणत मास्टरसाब भिंतीकडे वळले. दुसऱ्याच आठवड्यात काझीसाहेबांनी कोर्टात तो मुद्दा इंग्रजीत मांडला. वाक्य मोडकं होतं, पण पायाखाली जमीन असल्यासारखे बोलले.

त्या कोशाची छपाई भारी घोटाळ्याची. जुन्या काळी इंग्रजी 'एस' हे अक्षर शब्दाच्या मध्ये आलं की 'एफ'सारखं छापत. आम्हाला काय ठाऊक! एकदा शहाणा माणूस या अर्थाचा लॅटिन शब्द निघाला. इंग्रजीत 'वाइज मॅन' छापलेलं. काझीसाहेबांनी चष्मा सावरून ठणठणीत वाचलं, "वाइफ मॅन." मग स्वतःच खुलासा केला, "बायकोवाला माणूस. बराबर है मास्टरसाब. जिसकू बीवी, उसीकू अक्कल."

आतल्या खोलीतून काकूंचं हसू ऐकू आलं. मला वाटतं, त्या घरात त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. एरवी पडद्याखालून चहाचे कप पुढे येत, रिकामे कप मागे जात, आणि आम्ही पुढच्या शब्दाकडे वळत असू.

आणखी एक गोष्ट मास्टरसाबांना त्या कोशात फार प्रिय होती. कोशकाराला एखादा शब्द मुळीच लागला नाही की तो सरळ लिहायचा, 'एक प्रकारचा मासा'. नाहीतर 'एक प्रकारचं झाड'. असे मासे पानापानांवर होते. "बघा, किती प्रामाणिक," मास्टरसाब म्हणायचे. "माहीत नाही तर थापा मारत नाही. मासा म्हणतो आणि पुढं जातो." मग आमच्यात 'मासा' हा शब्दच रुळला. राज्याचे तुकडे होणार अशा बातम्या येऊ लागल्या, रोज नवी अफवा, कुणी म्हणे हैदराबाद वेगळं राहणार, कुणी म्हणे तेलुगूवाल्यांकडे जाणार. चहाच्या हॉटेलात कुणी विचारलं, "मास्टरसाब, आपलं काय होणार?" तर ते बशीत चहा ओतून उभ्या उभ्या म्हणत, "मासा. एक प्रकारचा."

रविवारी वर्ग रस्त्यावर भरायचा. गौलीगुड्याहून निघून नदी ओलांडून मलकपेठेपर्यंत आम्ही पाच-सहा शेरवान्या त्यांच्यामागे धापा टाकत. ते पुढे मान वळवून शब्द फेकणार, आम्ही मागून अर्थ. एकदा रेसकोर्सच्या फाटकाशी गर्दीत अडकलो. मास्टरसाबांच्या काखेतला ग्रंथ पाहून पान खाल्लेला एक गृहस्थ अदबीनं जवळ आला. "उस्ताद, किताब क्या बोल री? तिसऱ्या रेसमध्ये कोण येणार?" मास्टरसाबांना कुणी कोशाबद्दल विचारलं की ते नाही म्हणत नसत. त्यांनी तिथंच फडकं सोडलं, पान काढलं आणि गंभीरपणे सांगितलं, "घोडा." तो माणूस बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं सलाम केला आणि निघून गेला. यात थट्टा होती असं मला वाटत नाही. पुस्तकात तेच होतं, म्हणून त्यांनी तेच सांगितलं.

अशी वर्षं गेली. माझी जीभ सुटली. पक्षकार परत आले. शहर मात्र सुटत चाललं होतं. काझीसाहेबांचे दोन मुलगे कराचीला गेले. नारायणगुड्यातल्या माझ्या चुलत्यांनी घर विकायला काढलं, मग नाही म्हटलं, मग पुन्हा काढलं. भेटेल तो माणूस 'तुम्ही काय ठरवलं?' असं विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही. छप्पन साली निकाल लागला. राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबई राज्यात, कानडी म्हैसुरात, आणि शहर आंध्रात. पाठोपाठ सरकारी नोकरांची वाटणी सुरू झाली. ज्याची भाषा जिकडची, त्यानं तिकडं जायचं.

मास्टरसाबांना हुकूम आला, नांदेडच्या सरकारी हायस्कुलात रुजू व्हा.

त्या दिवशी ते नुसते चालले नाहीत, भिरभिरले. सकाळी माझ्याकडे आले, दुपारी काझीसाहेबांकडे, संध्याकाळी पुन्हा माझ्याकडे. "पाच पिढ्या इथं आहोत आम्ही," एवढंच परत परत म्हणत होते. "मी नांदेडला लग्नाला म्हणून गेलोय, तेवढंच. तिथं मी काय करू?" नांदेड हे काकूंचं माहेर. त्यांची एकुलती मुलगीही तिथंच दिली होती. पण त्या दिवशी हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"अर्जी करू," मी म्हणालो. "मी उभा राहतो तुमच्याकडून."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

अर्जाची सुनावणी एका तेलुगू अधिकाऱ्यांपुढे झाली. आंध्राची राजधानी कर्नूलहून इथं हलली तेव्हा तेही तिकडून आलेले, खोलीत अजून न उघडलेल्या पेट्या होत्या. मुद्दा साधा होता. अधिकारी म्हणाले, "यांची मातृभाषा मराठी. मराठी मुलखात यांचं घर. आम्ही यांना घरीच पाठवतोय, तक्रार कसली?"

मी बोलायला उभा राहिलो. मास्टरसाब माझ्यामागे येरझारा घालत होते, चपराशी त्यांना दोनदा थांबा म्हणाला. मी म्हणालो, साहेब, तुम्ही 'घर' हा शब्द वापरलात. घराला लॅटिनमध्ये 'डोमस' म्हणतात. एका जुन्या कोशकारानं त्याचे अर्थ दिलेत: राहण्याची जागा, कुटुंब, आपला मुलूख, आणि पाखराचं घरटंही. या माणसाची राहण्याची जागा इथं आहे. याचं कुटुंब इथं आहे. याच्या आईनं याला रागावताना तेलुगू वापरली, देवाला आळवताना मराठी, आणि भाजीवाल्याशी घासाघीस करताना दखनी. यातली कुठली भाषा कापून नांदेडला पाठवायची आणि कुठली इथं ठेवायची, ते हुजुरांनी ठरवावं.

मी एकदाही अडखळलो नाही. बोलणं संपलं तेव्हा मला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. अधिकाऱ्यांनी बराच वेळ कागद चाळले आणि म्हणाले, "ठीक आहे. हुकूम रद्द करण्याची शिफारस करतो. दोन-तीन दिवसांत कागद निघेल."

बाहेर आल्यावर मास्टरसाबांनी भर रस्त्यात मला मिठी मारली. वाटेत इराण्याकडून बिस्किटांचा पुडा घेतला, काझीसाहेबांना घरातून ओढून काढलं, आणि आम्ही तिघं वरातीसारखे गौलीगुड्यात पोचलो.

"जिंकलो!" मास्टरसाब दारातूनच ओरडले. "अगं ऐकलंस का? कुठं जायला नको. चहा टाक!"

पडदा हलला. या वेळी कप आले नाहीत, काकू स्वतः बाहेर आल्या. त्यांना मी असं समोर, उजेडात, पहिल्यांदाच पाहत होतो. बारीक अंगाच्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि हात पिठानं भरलेले.

"काय जिंकलात?" त्यांनी विचारलं.

मास्टरसाबांनी सगळं सांगितलं. माझं भाषण सांगितलं, डोमस सांगितलं, घरटं सांगितलं. सांगताना ते खोलीभर फिरत होते. काकू दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या, "तुमच्या वर्गात प्रत्येकाला विचारता ना, तुझ्या भाषेत सांग म्हणून? काझीसाहेबांना विचारता, यांना विचारता. इतकी वर्षं मी पडद्याआड ऐकतेय. मला कधी विचारलंत? आता विचारा. घर म्हणजे काय, विचारा मला."

मास्टरसाब थांबले. काझीसाहेबांनी उठून जायची तयारी केली, तर काकू म्हणाल्या, "बसा भाईसाब. तुम्ही परके नाहीत."

मग त्या बोलल्या. आवाज चढवला नाही.

"जिथं मी आजारी पडले तर कुणीतरी उठून मला पाणी देईल, ते घर. इथं मी तापानं फणफणले होते त्या दिवशी वर्ग चालू होता. मी उठले आणि सगळ्यांना चहा दिला. मुलीचं पहिलं बाळंतपण झालं, मी गेले नाही, कारण तुम्ही तुमच्या वकीललोकांची परीक्षा घेत होतात. आता तिला पुन्हा दिवस गेलेत. तो हुकूम आला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. तुम्ही दिवसभर बाहेर होतात. घरी आलात ते अर्जी लिहायलाच. साखर मुंग्यांनी खाल्ली."

रस्त्यावर भाजीवाली ओरडत गेली. मास्टरसाबांच्या काखेत कोश होता. त्यांनी तो उघडला, नेमका कुठला शब्द शोधायचा ते त्यांना कळत नसावं, कारण पानं मागंपुढं करत राहिले. मग बंद केला.

"तू बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"बोलले. तुम्ही चालत होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात हजर. दाढी केलेली नव्हती. "चला," म्हणाले, "काल जिंकलेलं परत द्यायचंय."

त्या अधिकाऱ्यांनी आम्हाला पाहून कपाळाला हात लावला. "कागद अजून निघाला नाही. सांगितलं ना, दोन-तीन दिवस."

"काढू नका साहेब," मास्टरसाब म्हणाले. "मी नांदेडला जातो."

अधिकारी संतापले. सरकारचा वेळ, माझं भाषण, ते घरटं, सगळं त्यांनी काढलं. मास्टरसाबांनी ऐकून घेतलं. मग त्यांच्या शाळामास्तरी इंग्रजीत एवढंच म्हणाले, "चूक माझी झाली. मी बायकोला विचारलं नव्हतं."

मग अधिकारी दौत जवळ ओढत, आमच्याकडे न बघता म्हणाले, "माझी अजून कर्नूललाच आहे. येत नाही म्हणते. कसं विचारलंत तुम्ही? काय शब्द वापरलेत?"

"मी नाही विचारलं," मास्टरसाब म्हणाले. "तिनं सांगितलं."

काचीगुडा स्टेशनवर त्यांना पोचवायला आम्ही वर्गातले सगळे गेलो होतो. काकूंनी खिडकीची जागा धरली होती आणि गाडी सुटायच्या आधीच त्यांची शेजारच्या बाईशी ओळख झाली होती. काझीसाहेब मास्टरसाबांचा हात सोडेनात. "तुम जा रे, लडके जा रे," ते म्हणाले, "अब मैं अंग्रेजी किसकू सुनाऊँ?" मास्टरसाब हात सोडवून गाडीच्या बाजूबाजूनं फेऱ्या मारत राहिले. शेवटी काकूंनी हाक मारली तेव्हा चढले.

नांदेडला ते सुखात राहिले असं मला लिहिता येणार नाही. काकू राहिल्या. नातवंडांच्या आणि माहेरच्या माणसांच्या गर्दीत त्या पाच वर्षांनी लहान झाल्या, असं तिकडून येणारे सांगत. मास्टरसाबांची पत्रं यायची ती तक्रारींची. इथला चहा पांचट आहे. इथं सगळे एकच भाषा बोलतात, त्यामुळे कुणाला कशाचा अर्थ विचारावा लागत नाही, मग माणूस बोलणार काय? नदीवर जाऊन येतो, तरी दिवस उरतो.

चार-पाच वर्षांनी एका मोकद्दम्यासाठी मी नांदेडला गेलो. दुपारी त्यांचं घर शोधून काढलं. काकूंनी दार उघडलं. "अगंबाई, वकीलसाहेब!" म्हणाल्या, आत घेतलं, जावयाला हाक मारून पाणी आणायला लावलं. मास्टरसाब घरात नव्हते.

"स्टेशनावर असतील," काकू म्हणाल्या. "या वेळी हैदराबादची गाडी येते ना. रोज जातात."

"कुणी येणार असतं का?"

"छे, कोण येणार?" त्या म्हणाल्या. मग पदर खोचत, "जा तुम्ही. मी भजी तळते, दोघं मिळून या."

मी गेलो तेव्हा गाडी नुकतीच लागली होती. फलाटावर उतरणाऱ्यांची झुंबड होती. मास्टरसाब मला लांबूनच दिसले. केस पूर्ण पांढरे, शेरवानीऐवजी कोट. ते कुणाला शोधत नव्हते. एकेका डब्याच्या खिडकीशी जात, क्षणभर थांबत, पुढच्या खिडकीशी जात. मी मागून जाऊन हाक मारली, "मास्टरसाब!"

त्यांनी वळून पाहिलं. ओळखलं, डोळे लकाकले, पण लगेच हात वर करून मला थोपवलं.

"थांबा, थांबा. बोलू नका आत्ता. गाडी फार थांबत नाही."

तिसऱ्या वर्गाच्या खिडकीत एक बाई मुलावर करवादत होती. "कैकू उतरा रे तू? पानी होना बोला तो मेरेकू बोलना था ना! अब्बा आते तो देख तेरे हाल!" आतून दुसरं कुणीतरी तेलुगूत तिची समजूत घालत होतं, आणि वरच्या फळीवरून एक म्हातारा मराठीत खेकसला की बाई, जरा झोपू द्या.

मास्टरसाब खिडकीच्या गजाला हात लावून ऐकत होते. मीही त्यांच्या शेजारी उभा राहिलो. शिट्टी झाली, गाडी हलली, तसे ते तिच्याबरोबर चालू लागले, आधी सावकाश, मग भरभर, कान खिडकीकडे लावून, फलाट संपेपर्यंत.